थुंकीच्या अकरा बाटल्या

मी आयुष्यात पुष्कळ चांगलं काम केलं असं लोक म्हणतात. बाळंतपणं केली, उन्हातान्हात वाड्यावस्त्या तुडवल्या, हे सगळं खरंच आहे. पण कुणी फार कौतुक करायला लागलं की मला वेल्ह्याकडच्या डोंगरातली एक वाडी आठवते आणि मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठते. आज ते लिहून काढायचं ठरवलं आहे. माझ्याकडून जे झालं ते माझ्याच तोंडून गेलेलं बरं.

ती दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी मूळची किकवीची, शेतकऱ्याची मुलगी. पुण्याला सुइणीचं शिक्षण घेऊन भोरमध्ये एका डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात नर्स म्हणून लागले होते. जीभ पहिल्यापासून तिखट. पेशंट माझ्या माघारी मला लवंगी म्हणत, ते मला माहीत होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

डॉक्टर पस्तिशीचे, काटकुळे, जेवायची शुद्ध नसलेले. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून होती, ती म्हणजे घटसर्प. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी घटसर्पाने गेला होता. घशात राखाडी पापुद्रा धरतो, मान सुजते आणि पोर श्वासाला महाग होतं. भाऊ कसा घरघरत गेला हे ते मला एकदाच बोलले, पुन्हा कधी नाही.

घटसर्पाची लस तेव्हा निघालेली होती, पण लढाईमुळे मिळत नव्हती. डॉक्टरांनी मुंबईला खेटे घालून थोडीशी मिळवली. तालुक्यातली पोरं एवढी आणि लस मूठभर, मग द्यायची कुणाला? बहुतेक मोठ्या माणसांच्या आणि काही पोरांच्याही अंगात रोगाला तोंड द्यायची शक्ती आपोआप आलेली असते, त्यांना लस नको. ही शक्ती आहे की नाही हे दंडाला सुई टोचून कळायचं, पण सुई दिसली की आया पोरं घेऊन रानात पळायच्या. म्हणून डॉक्टरांनी वेगळी वाट काढली. त्यांचं म्हणणं असं की रक्तातली ही शक्ती थोडीफार थुंकीत आणि नाकातल्या पाण्यातही झिरपत असणार. मग सुई हवीच कशाला?

त्यासाठी त्यांनी मागच्या पडवीत गिनीपिग पाळले होते. भोरची माणसं त्यांना ‘डॉक्टरचे बिनशेपटीचे उंदीर’ म्हणायची आणि हसायची. एका पोराची थुंकी गाळून तीत घटसर्पाचं विष अगदी थोडं मिसळायचं, गिनीपिगच्या पोटावरचे केस काढून तिथे कातडीत टोचायचं आणि दोन दिवस वाट पाहायची. लाल चट्टा उठला तर पोराच्या थुंकीत काही नाही, त्याला लस द्यायची. चट्टा नाही उठला तर पोर सुरक्षित. त्या मुक्या जनावरांना गवत मीच घालायची आणि पोटावरचे चट्टेही मीच पाहायची.

सुरुवात भोरजवळच्या उत्रोलीत केली. तिथे ताडून पाहायला आम्ही मोठ्या माणसांचेही नमुने घ्यायचो आणि थुंकीबरोबर नाकातलं पाणीही, तारेच्या टोकाला कापूस गुंडाळून. एका म्हाताऱ्या आजोबांनी पाहुण्यांसमोर नाक साफ असावं म्हणून आधी चिमूटभर तपकीर ओढली. कापूस बाहेर आला तो चॉकलेटी. डॉक्टर आधी हसले, मग चिडले, मग त्यांनी नियमच केला. तपकीर, मिसरी, तंबाखू, पान, कशाचाही रंग नमुन्यात दिसला की तो फेकायचा आणि पुन्हा घ्यायचा. वहीत ‘रंग’ म्हणून एक रकाना आखला. तो नियम पहिल्या पानावर मी माझ्या हाताने लिहिला होता.

लहान पोरांच्या नाकात काही घालणं जमेना. ती लाथा झाडत, शिंकत. मग त्यांची नुसती थुंकी घ्यायचं ठरलं. समोर चिंचेचं बोटुक धरलं की तोंडाला पाणी सुटायचं.

उत्रोली झाली, भोर झालं. मग डॉक्टर म्हणाले, “डोंगरातल्या धनगरवाड्यातले नमुने मिळाले असते तर फार बरं झालं असतं. पण ते लोक काही थुंकी देणार नाहीत.”

“मी आणते,” मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तसं म्हणायला मला आधार होता. चार वर्षांपूर्वी त्याच वाडीत एक बाई अडली होती. मूल पायाळू. मी दोन दिवस तिथे राहून तिची सुटका केली. मुलगी झाली. तेव्हापासून ती बाई बाजाराला खाली उतरली की दवाखान्याच्या पायरीवर यायची, तुपाचा गडवा ठेवायची आणि पोरीला म्हणायची, “हिच्या पाया पड. हिच्या हातनं तू झालीस.” पोर माझ्या पाया पडायच्या ऐवजी माझ्या घड्याळाची किल्ली ओढायची. मी ओरडायची आणि ती खदखदा हसायची. मला माणसं भितात, ही भीत नव्हती.

चैत्र संपत आला होता. कापूरहोळपर्यंत मोटर, पुढे बैलगाडी, वेल्ह्याला रात्रीचा मुक्काम आणि पहाटे शेवटचे दोन कोस पायी. वेल्ह्याचा एक म्हातारा वाट दाखवायला होता. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बाटल्यांची पेटी माझ्याच डोक्यावर. वाडीत घरं नऊ, लहान पोरं अकरा. पुरुषमाणसं गुरांमागे रानात गेलेली. माझ्या ओळखीच्या बाईने पुढे होऊन पेटी उतरवली.

“तुमी हाय म्हनून बरं,” ती म्हणाली. “दुसरं कुनी असतं तर कुत्री सोडली असती.”

मी काम सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. तिची पोर तिच्या पाठीमागे उभी राहून माझ्या घड्याळाकडे बघत होती.

“रगत न्हाई, औशिद न्हाई, आन थुकी कशाला पायजे बाई?”

“पोरांच्या अंगात घटसर्पाला अडवायची ताकद हाय का न्हाई ते थुंकीत कळतं.”

“मंग हितंच बघा की.”

“हितं न्हाई कळत. भोरला न्यायची.”

तिने पाठीमागच्या पोरीचा हात धरला. मग तिने विचारलं, “आन बघून झाल्यावर ती टाकत्यात कुठं?”

मला हसू आलं. “कुठं म्हंजे? मोरीत,” मी म्हणाले.

त्या एका प्रश्नात तिच्या पोटातली सगळी भीती उघडी पडली होती आणि मी हसले. मी काही विलायतेत जन्मले नव्हते. किकवीत माझी आई माझी नखं कापून मातीत पुरायची, जावळ परक्याच्या पायाखाली जाऊ द्यायची नाही. पोराची थुंकी, केस, नखं कुणाच्या हाती लागली तर करणी करतात, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलेली. पुण्याला चार पुस्तकं वाचली आणि मला वाटलं की ते सगळं आता जगातूनच गेलं. मोरीत ओततो म्हणून सांगितलं, म्हणजे शंभर माणसांच्या पायाखाली.

ती इतर बायांकडे गेली. त्या घोळका करून काहीतरी बोलल्या. परत येऊन ती म्हणाली, “पोरं तुमच्या म्होरं थुकायची न्हाईत, लाजत्यात. आमी आत न्हिऊन घेतो. तुमी ताक प्या.”

मी जांभळीखाली बसून ताक प्यायले. दोन वाट्या प्यायले. घटकाभरात अकरा बाटल्या माझ्यापुढे ओळीने उभ्या राहिल्या. भोरमध्ये चार वर्षांच्या पोराकडून चमचाभर थुंकी काढताना माझा घसा बसायचा. इथे बाटल्या अर्ध्याअर्ध्या भरलेल्या. मी खूश झाले. बायांना म्हणाले, “शहाण्या गं तुमी. भोरच्या बायांनी शिकावं तुमच्याकडनं.” कुणीच हसलं नाही.

उतरताना खालच्या ओढ्यावर गोणपाट भिजवायला थांबले, म्हातारा पुढे गेला. एका बाटलीचं बूच सैल वाटलं म्हणून काढलं, आणि वास आला.

मिसरी. माझी आई रोज सकाळी उंबऱ्यावर बसून दाताला मिसरी लावायची. तव्यावर जाळलेल्या तंबाखूचा तो वास मला झोपेतही ओळखता आला असता. बाटली उजेडात धरली. थुंकी तांबूस होती. दुसरी उघडली, तिसरी उघडली. तीच गत. चार वर्षांची पोरं मिसरी लावत नाहीत. लावतात त्यांच्या आया.

मी ओढ्यातल्या एका दगडावर किती वेळ बसले होते, सांगता येत नाही. माथ्यावर ऊन आलं होतं. वाडी वर, चढाचे दोन कोस मागे. खाली गाडीवाला खोळंबला होता. आणि भोरमध्ये डॉक्टर वाट पाहत होते, ज्यांना मी ‘मी आणते’ म्हणून आले होते. मी स्वतःला समजावलं की आयांनी मिसरीच्याच बोटाने पोरांचं तोंड उघडलं असेल, तेवढाच रंग उतरला असेल. अर्ध्या भरलेल्या बाटल्या समोर दिसत असताना मी हे स्वतःला पटवलं. कळत होतं सगळं, वळत नव्हतं. बुचं घट्ट बसवली आणि उतरायला लागले.

भोरला पोचल्यावर गाळायचं काम माझंच होतं. कागदातून गाळून मिठाच्या पाण्यात घातल्यावर रंग राहिला नाही. वहीत ‘रंग’ या रकान्यात मी अकरा वेळा ‘स्वच्छ’ असं लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं, डॉक्टर नेहमी म्हणायचे.

दोन दिवसांनी गिनीपिगच्या पोटावर एकही चट्टा नव्हता. डॉक्टरांना आनंद मावेना. भोर-उत्रोलीतल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या थुंकीने चट्टे उठले होते आणि इथे अकराच्या अकरा पोरं सुरक्षित. “मोकळी हवा, गुरांची संगत. पाहिलंत बाई, निसर्गानेच यांना लस टोचली आहे,” असं म्हणत ते पडवीत येरझाऱ्या घालायला लागले. मी गवताच्या पेंढ्या सोडत राहिले. मूठभर लस होती ती भोरच्या आणि उत्रोलीच्या पोरांना दिली. वाडीच्या वाट्याला थेंबही आला नाही. डॉक्टर त्या अकरा पोरांवर इंग्रजीत लेख लिहायला बसले आणि मी पाऊसपाण्याच्या खोकल्यांत, जुलाबांत बुडून गेले. खोटं कशाला सांगू, त्या पावसाळ्यात मला वाडीची आठवण फारशी आलीच नाही.

भादव्यात एका दुपारी ती दारात उभी राहिली. अंगावरचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाचं. मागे तिचा दीर, त्याच्या पाठीवर घोंगडीत बांधलेली पोर. पहाटेपासून चालत होते, वाटेत गाडी मिळाली नव्हती. पोर ओळखू येईना. मान जबड्याएवढी सुजलेली, नाकातून पाणी गळत होतं आणि श्वासाचा आवाज करवतीसारखा.

डॉक्टरांनी कुठली वाडी ते विचारलं आणि वही उघडली. “हिला घटसर्प नसणार,” ते म्हणाले. “हिची थुंकी आपण तपासली आहे.” मग चमचा घेऊन त्यांनी तिची जीभ दाबली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. घशात दोन्ही बाजूंनी पापुद्रा धरला होता.

घोड्याच्या रक्तापासून केलेल्या जुन्या विषनाशक औषधाची एक बाटली शिल्लक होती. ती त्यांनी सगळी टोचली.  हात धुताना ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “पण चट्टा नव्हता. चट्टा नव्हता.”

भिंतीला टेकून उभी असलेली ती बाई तेव्हा बोलली.

“सायेब, ती थुकी पोरीची न्हवती. माजी व्हती.”

डॉक्टरांना आधी कळेना. मग तिने सगळं सांगितलं. पोराची थुंकी एकदा गेली की कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. आपली गेली आणि कुणी काही केलं तर ते आपल्यावर येईल. “म्या म्हनलं, येऊ दे माज्यावर,” ती म्हणाली. “बाकीच्या बायास्नी बी म्याच सांगितलं.”

तिने फसवलं नव्हतं. पोरीवर येणारं तिने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

डॉक्टर तिला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, त्यांना मिसरी असेल. रंग पाहिला होता ना तुम्ही?”

“स्वच्छ होता,” मी म्हणाले.

एकच वाक्य. तिच्यासमोर, पोरीच्या त्या श्वासासमोर. त्यांनी वही मिटली आणि मी पोरीच्या मानेला शेकायला पाणी तापवत ठेवलं.

चार दिवस आम्ही आशेवर होतो. पापुद्रा सुटायला लागला, आवाज उतरला. पाचव्या दिवशी पोरीने माझ्या घड्याळाकडे बोट केलं. मी ते काढून तिच्या हातात दिलं आणि किल्ली कशी द्यायची ते दाखवलं. तिला तेवढा जोर नव्हता. सहाव्या दिवशी सकाळी ती दूध प्यायला उठून बसली आणि बसल्या जागी मान टाकली. घटसर्पाचं विष काळजाला लागतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं.

तिची आई रडली नाही. ती विचारत राहिली, आधी मला, मग डॉक्टरांना, मग भिंतीला. “थुकी माजी दिली. मंग मरान माज्याकडं यायला पायजे व्हतं. पोरीकडं कसं ग्येलं?” याचं उत्तर माझ्याजवळ होतं आणि मी ते दिलं नाही.

डॉक्टरांनी तो लेख चुलीत घातला. पुण्याला जाऊन, कुणाकुणाच्या दारात बसून त्यांनी वाडीपुरती लस आणली. तोवर वाडीतलं आणखी एक पोर गेलं होतं. पंधरा दिवसांनी आम्ही दोघं वर गेलो. ओढ्याला पाणी होतं, ते ओलांडताना मी त्या दगडाकडे पाहिलं नाही.

वाडीत सगळ्या बाया पोरं घेऊन एका बाजूला बसल्या होत्या. ती एकटी, दूर, गोठ्याच्या भिंतीला. मांडीवर धाकटा, दहा महिन्यांचा. म्हाताऱ्या वाटाड्याने मला हळूच सांगितलं की बाया तिच्याशी बोलत नाहीत. पाण्यालाही ती एकटीच जाते. थुंकी बदलायची अक्कल तिनेच दिली, पोरं तिनेच खाल्ली, असं सगळी वाडी म्हणत होती.

ते ऐकल्यावर मात्र मला राहवेना. मी आयुष्यात पुष्कळांना फाडफाड बोलले होते, स्वतःला कधी बोलले नव्हते. मी तिच्यापुढे जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “दोष तुझा न्हाई. मला त्याच दिवशी कळलं व्हतं. बाटलीला मिसरीचा वास आला व्हता. मी वहीत खोटं लिहिलं.”

 सुया उकळत बसलेल्या डॉक्टरांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मला वाटलं, आता ती माझ्या झिंज्या उपटेल. उपटाव्यात असंच मला वाटत होतं. निदान तिच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल.

तिने माझ्याकडे तोंड वळवलं.

“म्हंजी तुमाला ठावं व्हतं?”

“व्हय.”

“त्याच दिशी?”

“व्हय. खालच्या वढ्यावर.”

“मंग माघारी का न्हाई आला? दोनच कोस तर व्हतं.”

 जे होतं ते सांगितलं.

“ऊन व्हतं,” मी म्हणाले.

 एकेक करून पोरांना टोचायला सुरुवात झाली. दंड धरायचा, स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि सुई द्यायची, हे काम माझं होतं. शेवटी तिची पाळी आली. मी बोळा घेऊन पुढे झाले, तशी तिने धाकट्याला छातीशी ओढलं.

“तुमी नगं,” ती म्हणाली. “सायेबांस्नी म्हनावं, तुमी टोचा.”

मी बाजूला झाले. डॉक्टरांनी टोचलं. पोर किंचाळलं, त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. तिने ती पदराने पुसली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदराचं ते ओलं टोक दुमडून कमरेला आत खोलवर खोचून टाकलं.